आधी कळव, गोळीचं नंतर बघू

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री वाचला. परवा अकराला प्रवेशाची मुलाखत, आज संध्याकाळी ताप 101, घसा धरलेला, आणि घरातले म्हणतायत, ‘गोळी घेऊन जाऊन ये, आजारी असल्याचं मात्र बोलू नकोस.’ तू मला विचारलंस, कोणती गोळी घेऊ? तुझा पहिला प्रश्न हा नव्हेच. शाळेला कळवलंस का, हा आहे. आधी कळव.

उद्या सकाळी कार्यालय उघडलं की लगेच. मुलाखतींचं वेळापत्रक ठरलेलं असतं, पण एक दिवस हातात असला तर दुसऱ्या कुणाची वेळ तुला आणि तुझी त्याला देता येते. परवा सकाळी दहाला फोन केलास तर तुझी जागा नुसती रिकामी जाते आणि समिती ताटकळते. विनंती तीच, पण उद्या ती सोय करण्याजोगी आहे, परवा नाही.

फोन कर आणि ईमेलही पाठव. फोनवर निर्णय लवकर होतो, ईमेलची नोंद राहते. फोनवर कोण बोललं त्यांचं नाव आणि वेळ लिहून ठेव, ईमेलमध्ये त्याचा उल्लेख कर. मजकूर पाच ओळींचा पुरे: तुझं नाव आणि अर्ज क्रमांक, मुलाखतीची तारीख आणि वेळ, ‘कालपासून ताप आणि घशाचा संसर्ग आहे’ एवढंच, तुला काय हवंय, आणि तू कोणकोणत्या दिवशी येऊ शकतेस. चौथी ओळ मोघम ठेवू नकोस. ‘काही करता आलं तर बघा’ असं लिहिलं की समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. ‘दुसरी तारीख मिळावी, ते शक्य नसेल तर त्याच वेळी ऑनलाइन मुलाखत व्हावी’ असं लिही. थर्मामीटरचे फोटो, लांबलचक माफी, काही नको. डॉक्टरांकडे मात्र उद्याच जा. प्रमाणपत्र मागितलं तर त्यावर आजारपणातलीच तारीख हवी. मुलाखत हुकल्यानंतर आठवड्याने आणलेल्या कागदाला फारसं वजन राहत नाही.

‘कळवलं तर कच्ची वाटेन’ असं तू लिहिलंयस. इथे मला तुझा थोडा राग आला. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते ऐक. उत्तर यायला तीन-चार सेकंद जास्त लागले, तर टिपणात जातं ‘तयारी कमी’. कपाळावर घाम दिसला तर ‘घाबरते’. पुटपुटलीस तर ‘आत्मविश्वास नाही’. समितीला आजार दिसत नाही, फक्त त्याचे परिणाम दिसतात, आणि कारण माहीत नसलं की ते परिणाम तुझा स्वभाव म्हणून नोंदले जातात. अशी टिपणं मीही लिहिली आहेत. ती आता खोडता येत नाहीत. म्हणून एकच गोष्ट धरून बसते. तुला तो हेका वाटेल, वाटू दे. कळव.

आता जायचं की नाही, ते कसं ठरवायचं. गेल्या 24 तासांत गोळी न घेता ताप 100.4 किंवा त्याहून वर गेला असेल तर जाऊ नकोस. उलट्या किंवा जुलाब होत असतील तर ते थांबल्यापासून 48 तास जायचं नाही. गोळीने उतरलेला ताप गेलेला नसतो, नुसता दबलेला असतो, आणि तेवढ्या वेळात तू संसर्ग देतच असतेस. सकाळच्या आकड्यावरही विसंबू नकोस. ताप बहुधा सकाळी कमी असतो आणि दुपारनंतर चढतो. श्वास लागला, छातीत दुखलं, मान ताठरली, गुंगी आली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मुलाखतीचा विषय तिथेच संपला. सरळ दवाखाना गाठ.

नुसती सर्दी आणि घसा असेल, ताप नसेल, तर मास्क लावून जाता येईल. पण तेव्हाही कळव.

आता गोळ्या. पॅरासिटामॉलचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो आणि साधारण चार ते सहा तासांत ओसरतो. घसादुखी-डोकेदुखीसाठी घ्यायचीच असेल तर अकराच्या मुलाखतीला दहाच्या सुमारास घे. सहाला घेऊन निघालीस आणि तिथे उशीर झाला, तर नेमकी बोलायच्या वेळी उतरेल. पाकिटावर तुझ्या वयासाठी लिहिलाय तेवढाच डोस, दोन डोसांत किमान चार तास, दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे दोन्ही घेतल्या तर नकळत दुप्पट डोस होतो. क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळीने झोप येते, फिनाइलएफ्रिनने काहींना धडधड होते. कधी न घेतलेलं औषध मुलाखतीच्या सकाळी पहिल्यांदा घ्यायचं नाही. किती वेळा सांगितलं तरी मुलं हे करतातच.

आवाज बसला असेल तर कुजबुजून बोलू नकोस, त्याने स्वरयंत्रावर उलट ताण येतो. आदल्या दिवशी शक्य तितकं गप्प राहा. तोंडी सराव बंद, मुद्दे कागदावर काढ. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कर. खाकरून घसा साफ करण्यापेक्षा पाण्याचा घोट घे. चघळायची गोळी मुलाखतीच्या खोलीत जाण्याआधी संपलेली हवी. नाक चोंदत असेल तर डोक्याखाली जास्तीची उशी घे, आडवं पडल्यावर ते जास्त बंद होतं.

खोलीत गेल्यावर पहिल्याच मिनिटाला एकदा सांग: ‘मला सर्दी आहे, म्हणून हात मिळवत नाही. आवाज बसलाय, ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगेन.’ एवढंच, आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. प्रत्येक उत्तराआधी ‘बरं नाहीये, त्यामुळे...’ आलं की माहितीची सबब होते. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांग. अंगात कणकण असताना लांब प्रश्नाचा शेवट निसटतो, तिथे अंदाजाने बोलत सुटू नकोस.

ऑनलाइन ठरलं तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, उजेड समोरून, हेडफोन लावलेला, आणि माइक बंद करायचं बटण कुठे आहे ते बोटाला पाठ. खोकला आला की आधी बटण, मग खोकला.

आणि त्यांनी तारीख बदलून दिली नाही, ऑनलाइनलाही नाही म्हणाले तर? तसं होऊ शकतं. गैरहजर राहिल्याचा परिणाम काय, पुढची फेरी आहे का, हे त्याच फोनवर विचार आणि लेखी माग. नियम कडक असले तरी तू आदल्या दिवशी कळवल्याची नोंद तुझ्या अर्जासोबत राहील. ताप असताना रेटून जाऊ नकोस, हे माझं म्हणणं तरीही बदलत नाही. घरी हे पटवणं जड जाईल, त्यांनाही काळजीच आहे. हवं तर हे पत्र त्यांना वाचायला दे.

आता झोप. सकाळी उठल्यावर, चहा किंवा गरम पाणी पिण्याआधी ताप मोज. आधी प्यायलीस तर तोंडातला आकडा पंधरा मिनिटं ते अर्धा तास खरा येत नाही. जो आकडा येईल तो मला पाठव, आणि लगेच शाळेला फोन लाव.