सायबर सुरक्षेतली पहिली नोकरी आणि एक वही

मी नागपुरात करिअर-समुपदेशन करते; धरमपेठेतल्या माझ्या खोलीत गेल्या वर्षभरात सर्वाधिक वेळा ऐकलेली तक्रार म्हणजे, "सायबर सुरक्षेत नवख्यांना कुणी घेतच नाही." तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी एथिकल हॅकिंगचा कोर्स केलेला असतो आणि अर्ज मात्र पेनिट्रेशन टेस्टर (परवानगीने यंत्रणेत शिरून त्रुटी शोधणारा) किंवा एसओसी ॲनालिस्ट (हल्ल्यांवर सतत नजर ठेवणारा) या दोनच पदांसाठी केलेले असतात.

महालातल्या एका पतसंस्थेत कारकुनी करणारी, बीसीए झालेली एक मुलगी (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत) हेच घेऊन आली. "दीड वर्षापासून नुसते अर्जच करून राहिली मी, मॅडम." पहिल्या तीन भेटींत तिने आपल्याला काय येत नाही, तेवढेच सांगितले. चौथ्या भेटीत मी अर्जांचा विषय बाजूला ठेवून विचारले, "संस्थेत कुणीही न सांगता तू कोणते काम करतेस?"

ती ओशाळली. "एक वही ठेवली आहे. माणसं सोडून जातात, त्यांचं लॉगिन सुरूच राहतं. एक काका निवृत्त झाले, तरी चार महिने त्यांच्या नावावर नोंदी पडत होत्या." तिने मोबाइलवर फोटो दाखवला. कोण गेले, कधी गेले, लॉगिन कुणी बंद केले, असे लाल शाईने आखलेले तीन रकाने होते आणि तिसरा जवळजवळ कोरा होता.

"या कामाचा पगार मिळतो, हे ठाऊक आहे का तुला?" मी विचारले. बराच वेळ ती त्या कोऱ्या रकान्याकडे पाहत राहिली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 साली मांडलेला, माणसाचा स्वभाव आणि कामाचे वातावरण यांच्या मेळाचा विचार मला अजूनही सर्वांत भरवशाचा वाटतो; नोंदी आणि पडताळणीत रमणारी ही मुलगी उगाच हॅकरचा अंगरखा चढवू पाहत होती. चौथ्या भेटीतला तो प्रश्न मला नेमक्या वेळी सुचला, याचे थोडे समाधान आहेच.

प्रवेश-अधिकारांचा (कुणाचे लॉगिन कुठे सुरू आहे, याचा) आढावा, आयएसओ 27001 या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची कागदपत्रे, पुरवठादारांच्या सुरक्षा-प्रश्नावल्या आणि लेखापरीक्षणासाठी पुरावे जमवणे या कामांची कोर्सवाले जाहिरात करत नाहीत, म्हणून तिथे गर्दी तुलनेने कमी असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (संगणक-यंत्रणेतल्या हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. ते नीट जपले जात आहेत ना, हे पाहायला माणूस लागतोच. बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने, इस्पितळे, नागरी सहकारी बँका इथल्या जाहिरातींत 'सायबर' हा शब्द अनेकदा नसतोच, तेव्हा 'आयटी ऑडिट असिस्टंट' किंवा 'कम्प्लायन्स एक्झिक्युटिव्ह' असा शोध घ्यावा.

वहीचा फोटो मी तिला पुसायला लावला, कारण ती माहिती संस्थेची होती; त्या नोंदींबद्दल व्यवस्थापकांना लेखी कळवायलाही सांगितले. मुलाखतीला ती फक्त कोरे रकाने छापलेला कागद घेऊन गेली. लेखापरीक्षण करणाऱ्या त्या छोट्या कार्यालयात तिसऱ्या रकान्यावरच वीस मिनिटे बोलणे झाले. पगार तिने मनात धरल्यापेक्षा कमी निघाला, तरी ती रुजू झाली.