आकाशगंगेच्या फोटोसाठी फुल फ्रेमच लागतो का?

फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, पैसे पुरत नाहीत, त्याहून लहान क्रॉप सेन्सरवर आकाशगंगा येईल का की थांबून पैसे साठवू, असं विचारलंय तुम्ही. थांबू नका, येते. मी काढलीय, आणि शेजारी फुल फ्रेम उभा असताना काढलीय.

अमावास्येची रात्र, धनु रास छान वर आलेली. मावसभावाकडे नवाकोरा फुल फ्रेम आणि एफ 4 ची झूम (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). माझ्याकडे सेकंडहँड क्रॉप डीएसएलआर आणि 35 एमएमची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, पूर्ण उघडली की कडेचे तारे पसरतात म्हणून एफ 2 वर ठेवलेली, म्हणजे त्याच्या चौपट प्रकाश आत. त्याने रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर नेली आणि 50 एमएमला 30 सेकंद धडाधड फोटो काढत सुटला. मी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, ज्येष्ठा तारा दहापट मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग हलवत बसलो, यात दहा मिनिटं गेली, तो म्हणाला कॅमेरा जुना की असंच होतं. मग 8-8 सेकंदांचे 40 रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फ्रेम घेतले. 35 ला 1.5 ने (हा माझ्या सेन्सरचा क्रॉप) गुणून त्या उत्तराने 500 ला भागलं की साडेनऊ सेकंद येतात, त्याच्या आत राहायचं, नाहीतर तारे लांबट होतात. त्याचे सगळे तसेच झाले, वर फोकसही गेलेला.

40 फ्रेम स्टॅक केल्यावर, म्हणजे एकावर एक जुळवल्यावर, नॉइज (फोटोतले दाणे) साधारण सहापट कमी होतो, आणि धनूतले काळे धुळीचे पट्टे असे उघडले की मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. तर मावसभाऊ आजवर सगळ्यांना सांगतो, "ते सॉफ्टवेअरने बनवलंय." अरे, पाच मिनिटांचा खरा प्रकाश आहे तो, आकाशातूनच आलेला! स्टॅकिंगमध्ये काहीही रंगवत नाहीत, सरासरी काढतात. वेधशाळांतही फ्रेम अशाच एकत्र करतात. याला फसवणूक म्हणणाऱ्याने एकदा रात्रभर बसून करून दाखवावं.

म्हणून पैसे लेन्समध्ये आणि जड ट्रायपॉडमध्ये घाला. बॉडीत रॉ, मॅन्युअल आणि लाइव्ह व्ह्यू असलं की झालं, मेगापिक्सेल विसरा.

हां, एकाच फ्रेममध्ये, जास्त आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता वाढवून) फुल फ्रेम सरस असतो हे खरं आहे. आणि लाल तेजोमेघ हवे असतील तर कुठलाही साधा कॅमेरा कमीच पडतो, कारण आतला फिल्टर हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. त्यासाठी तो फिल्टर बदलून घेतलेली जुनी बॉडी बघा.