विचारा तर खरं : परत आलेलं दप्तर

मी निवृत्त परिचारिका. लातूरला वॉर्डात ३१ वर्षं काढली, त्यामुळे लोक अजूनही ‘सिस्टर’ म्हणतात आणि पत्रातही तसंच लिहितात. गेल्या अंकात ‘देणं’ या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्यांतली पाच पत्रं घेतली आहेत. एका पत्राला जागा जरा जास्त गेली, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : सिस्टर, मी तांड्यावरच्या शाळेत शिकवते. वर्गातली निम्मी लेकरं ऊसतोड कामगारांची. आईबाप दिवाळीनंतर कारखान्याला गेले की ती आजी-आजोबांपाशी राहतात. माझ्या मैत्रिणींनी वर्गणी काढून २२ दप्तरं दिली. वाटपाचा फोटो आम्ही ग्रुपवर टाकला. तो कुणी कुणी पुढे पाठवत गेलं आणि शेवटी कर्नाटकात फडावर एका बापाच्या मोबाईलवर पोचला. दोन दिवसांनी त्या मुलीची आजी दप्तर घेऊन शाळेत आली. टेबलावर ठेवलं, म्हणाली, “बाई, आम्ही मागितलं नव्हतं,” आणि गेली. मुलगी परत खताच्या गोणीच्या पिशवीत वह्या आणते. आमचं काय चुकलं?
एक शिक्षिका, वडवणी

उत्तर : बाई, आजीनं तुम्हाला उत्तर देऊन टाकलंय. मागितलं नव्हतं.

तो बाप पहाटे अंधारात उठतो, बायकोला घेऊन फडात शिरतो. दोघं मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत माघारी येता येत नाही. हे सगळं लेकरासाठीच चाललंय, असं तो मनाला सांगत असणार. आणि कोपीत बसून मोबाईल उघडतो तर काय, त्याची लेक दप्तर छातीशी धरून उभी, मागे चार अनोळखी बायका हसताहेत. त्याच्या सोबतच्या दहा जणांनीही तो फोटो पाहिला असेल. मला तर त्या आजीचं कौतुक वाटलं.

माझे वडील अंबाजोगाईला वार लावून शिकले. निजामाचं राज्य होतं, गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद. सात वारांची सात घरं. सोमवारच्या घरी पोळी असायची, वर तूप असायचं. पण कुणी पाहुणा आला की यजमान ओसरीवरून सांगायचे, “हा आमचा सोमवारचा मुलगा.” दादा ऐंशीला टेकले तरी ते वाक्य त्यांच्या घशात होतं, तुपाची चव मात्र आठवत नव्हती. गुरुवारी एका म्हाताऱ्या विधवेकडे ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी, बस्स. ती म्हणायची, “ये रे बाबा, एकटीला घास उतरत नाही.” दादा गुरुवारची वाट पाहायचे. त्या काळी मोबाईल नव्हते, पण सोमवारचा यजमान फोटोच काढत होता की!

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. मी २७ वर्षांची, आमची तुकडी लातूरहून तिकडे गेली. त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. पण कपड्यांचे ढीग सांगते. देशभरातून ट्रकच्या ट्रक आले. कोट, फ्रॉक, पाचवारी साड्या, सगळं रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडलेलं. आणि गावातल्या म्हाताऱ्या सगळ्या नऊवारी नेसणाऱ्या. एकीनं माझं मनगट धरलं, “माय, एखादं लुगडं न्हाई का गं ह्यात?” मी अर्धा तास ढीग उपसला. नव्हतं. पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, बाई. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता काय करायचं ते. आधी फोटो काढून टाका, मैत्रिणींनाही काढायला लावा. मग आजीकडे जा. एकट्या जा, आणि दप्तर सोबत नेऊ नका. चुकलं म्हणा. तिनं चहा ठेवला तर ‘नको, कशाला त्रास’ असलं शहरी काही बोलू नका, बशीत ओतून प्या. तुम्ही तिच्याकडून काही घेतलंत की बोलणं सोपं होईल. दप्तराचं नाव तिनंच काढलं तर काढू द्या, नाहीतर राहू द्या शाळेच्या कपाटात. गोणीच्या पिशवीत वह्या भिजत नाहीत, मी स्वतः नेली आहे.

आणि लेकरांना काय हवंय ते लेकरांनाच विचारा. मला वाटतं त्यांच्या यादीत दप्तर बरंच खाली येईल. आजीकडे बहुतेक साधाही फोन नसतो. रविवारी सकाळी तासभर तुमचा मोबाईल घेऊन शाळेच्या ओट्यावर बसा आणि एकेका लेकराला आईशी बोलू द्या. चेहरा दिसू द्या. तुम्ही मात्र तेवढा वेळ दुसरीकडे बघा.

प्रश्न : आम्ही सात हमाल, नांदेडच्या मोंढ्यात काम करतो. महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बाजूला काढायचं ठरवलंय. एवढ्याशा पैशात काय होतं? अन्नदान करावं का? आणि संस्थेला दिले तर पैसे जागेवर लागतील कशावरून?
सात जण, नांदेड

उत्तर : १,४०० रुपये ‘एवढेसे’ कसे, दादा? पाठीवरून पोती वाहून काढलेले आहेत ते.

अन्नदान नांदेडात नका करू. सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर तुमच्या गावात आहे, तिथं जात-धर्म न विचारता पंगत बसते. तुमच्या १,४०० रुपयांनी त्यात काय भर पडणार? मी दवाखान्यात जे पाहिलं ते सांगते. अपघाताच्या पेशंटला आणायला १०८ येते. बाळंतिणीला घरी सोडायला १०२ असते. बाईला एसटीत अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्याला तेही नाही. पण मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला माणूस एसटीत चढणार कसा? डिस्चार्जचा कागद हातात, आणि किनवटपर्यंत जीपला पैसे नाहीत म्हणून व्हरांड्यात दोन दोन दिवस पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचं एक पद असतं. त्यांना भेटा, सांगा, महिन्याला एका पेशंटची जीप आमची. पैसे जीपवाल्याच्या हातात द्या.

संस्थेलाच द्यायचं ठरलं तर धर्मादाय कार्यालयाकडचा नोंदणी क्रमांक, पावती आणि गेल्या वर्षीचा हिशेब मागा. मागायला लाजू नका. हिशेब मागितल्यावर तोंड वाकडं करणाऱ्याला रुपयाही देऊ नका. ८० जी ची करसवलत तुमच्या उपयोगाची नाही, त्या नादी लागू नका.

प्रश्न : आमच्या मंडळानं दादांच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर घेतलं. १४० पोरं रांगेत होती. रक्तपेढीवाल्यांनी ६० बाटल्या घेतल्या आणि ‘आता पुरे’ म्हणाले. पोरं भडकली. रक्त कधी जास्त होतं का?
मंडळाचा कार्यकर्ता, जालना

उत्तर : होतं, बाळा. तांबड्या पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ दिवस. एका दिवशी १४० घेतल्या आणि तेवढे पेशंट आले नाहीत, तर उरलेलं फेकावं लागतं. तुमच्या पोरांचं रक्त गटारात जाऊ नये म्हणूनच त्यांनी थांबवलं. त्यांनी ते गोडीत सांगायला हवं होतं, हे मान्य.

खरी टंचाई मे महिन्यात. कॉलेजं बंद, पोरं गावाला, उन्हाचं कुणी शिबिर घेत नाही. थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. उरलेल्या ८० जणांची यादी करा, नाव, रक्तगट, फोन. मे महिन्यात दर आठवड्याला वीस जण पाठवा. यादीत वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर हवं. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार महिन्यांनी. मुलीही घ्या यादीत. ‘पोरं’ म्हणजे मुलगेच, हे कुणी ठरवलं?

दादांचा वाढदिवस मे महिन्यात ढकलता आला तर फारच बरं.

प्रश्न : आई गेल्या वर्षी गेली. तिच्या नावानं बसस्थानकाजवळ पाणपोई घालायची आहे. संगमरवरी पाटी, त्यावर नाव आणि थंड पाण्याचे जार, असा विचार आहे. काही सूचना?
एक मुलगा, धाराशिव

उत्तर : तुम्ही पाटी ठरवली, जार ठरवले. पाणी कोण भरणार, ते पत्रात कुठं आहे?

पाणपोया पाडव्याला हार-तुऱ्यानं सुरू होतात आणि वैशाखात, घशाला कोरड पडते तेव्हा, रांजण पालथा पडलेला असतो. आत पालापाचोळा आणि गुटख्याच्या पुड्या. म्हणून आधी माणूस शोधा. जवळ बसणारा चपला शिवणारा असो, पेरू विकणारी मावशी असो, त्यांना महिन्याचे पैसे ठरवून द्या आणि त्यांनाच पाणपोईचं मालक करा. पाटीचे पैसे तिकडे वळवा. तुमच्या आईनं आयुष्यात स्वतःच्या नावाची पाटी लावली होती का कुठं?

जारपेक्षा रांजण घ्या, दोन घ्या. एक भरलेला, दुसरा घासून उन्हात पालथा, रोज आलटून पालटून. खाली वाळूचा ओटा, भोवती ओलं गोणपाट, वर झाकण. पेला आत बुडवू देऊ नका, लांब दांड्याचं ओगराळं साखळीनं बांधा. पाण्यात मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, टाका, बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच. उन्हाळ्यात जुलाबाचा वॉर्ड कसा भरतो ते मी पाहिलंय, पुण्याचं काम करताना त्यात भर नको. बाजूला पसरट परळात पाखरांसाठी थोडं.

पाणी म्हटलं की मला २०१६ आठवतं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिण्यांत ५ लाख लिटर. टीव्हीवाले सगळे स्टेशनवर. आमच्या गल्लीत एका घरच्या बोअरला थोडं पाणी होतं. त्या घरच्या वहिनींनी नळी फाटकातून बाहेर सोडली आणि रोज पहाटे पाच ते सहा मोटर चालू ठेवली. घरी दोन घागरींनाच. त्यांच्याकडे कॅमेरा गेला नाही. गेला असता तर, मला वाटतं, त्यांनी फाटक लावून घेतलं असतं.

प्रश्न : वय ७८. नेत्रदान करायचं आहे. मला मधुमेह आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चालेल का? मुलगा म्हणतो, ‘बाबा, पुढच्या जन्मी आंधळे व्हाल.’
एक आजोबा, परभणी

उत्तर : आजोबा, चालतं. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब, कशाचीच आडकाठी नाही. रेबीज, एड्स, कावीळ ब, असे काही आजार असले तर घेत नाहीत. फक्त पुढचा पारदर्शक पडदा बसवतात, त्याला बुबुळ म्हणा. चेहरा विद्रूप होत नाही, आणि हे घरी येऊन अर्ध्या तासात उरकतं.

पण तुम्ही फॉर्म भरलात तरी त्या दिवशी सही मुलाचीच लागणार. म्हणून भांडण आजच मिटवा. पुढच्या जन्माचं मला माहीत नाही, पण या जन्मी दोघांना दिसेल, असं त्याला सांगा. नाही पटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बोलते त्याच्याशी.

सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन जायला हवा. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली उशी, आणि छताचा पंखा बंद. बुबुळ वाऱ्यानं कोरडं पडतं. घर माणसांनी भरलेलं असतं, उकडतं, कुणीतरी हमखास पंखा लावतं. तेव्हा पंख्याचं तेवढं सूनबाईंना आजच सांगून ठेवा.