सील नवं, गळती जुनीच

प्रश्न : माझा 2004 सालचा ट्रक पिंपळगावहून कांदा घेऊन कसारा घाटाने वाशीला जातो. गिअरबॉक्सचं मागचं सील वर्षात दोनदा बदललं, तरी मुक्कामी गाडीखाली तेलाचा डाग दिसतोच. काय करावं?
– एक ट्रकमालक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, तिसरं सील आणण्याआधी गिअरबॉक्सवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी तोटी, काढून बघा. बोटाएवढी वस्तू, पण चिखलाने बुजली की तेल तापल्यावर आतला दाब सीलच्या ओठातूनच, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेतूनच, वाट काढतो. आडगाव नाक्यावर आलेल्या एका गाडीचं मी सगळं खोललं आणि दोष निघाला ब्रीदरचा. तेव्हापासून आधी तोच डिझेलने धुतो.

ब्रीदर मोकळा असेल तर जॉइंटचा फ्लँज काढा, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती. सील बसतं त्या जागेवर नख फिरवा. नख अडकलं म्हणजे तिथे खाच पडलीय, नवं सीलही त्यावर टिकणार नाही. फ्लँज बदला, नाहीतर त्यावर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवा. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग गेलंय, आधी ते बदला.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला तेलाचं बोट. थेट हातोडा मारू नका हो, तिरकं बसतं! जुनं सील वर ठेवून त्यावरून हळूहळू ठोका.

तेल सपाट जागी, भरायच्या भोकाच्या काठापर्यंतच. आणि क्लच घसरत असेल तर पुढचं सीलही बघाच, तिथलं तेल क्लचप्लेट भिजवतं.