ऑफिससाठी बनवलेला जुना, छोटा डेस्कटॉप गेमिंगसाठी अपग्रेड करता येईल का?

आपल्याकडे इंटेल कोअर आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि हार्ड डिस्क असलेला, ऑफिसातून निघालेला लहान आकाराचा डेस्कटॉप आहे आणि त्यात कोणते ग्राफिक्स कार्ड बसवावे, असे आपण विचारले आहे. कार्ड बसवता येईल. मात्र ते निवडण्याआधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचे लेबल वाचा, कारण अशा संगणकाची मर्यादा प्रोसेसरच्याही आधी तिथे ठरते.

या आकाराच्या संगणकांत पॉवर सप्लाय बहुधा १८० ते २४० वॅटचा असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी लागणारी ६ किंवा ८ पिनांची वेगळी वायर त्याला नसते. तो बदलावा म्हटले, तर मदरबोर्डचा कनेक्टर अनेकदा नेहमीचा २४ पिनांचा नसून त्या कंपनीचा स्वतःचा असतो, आणि बाजारातला सर्वसाधारण पॉवर सप्लाय त्या जागेत मावतही नाही. म्हणून पीसीआयई स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायच्या खाचेतून, मिळणाऱ्या जास्तीत जास्त ७५ वॅटवर चालणारे कार्डच घ्यावे. काही मॉडेलांत स्लॉटची मर्यादा याहूनही कमी असते; तेव्हा आपल्या मॉडेलच्या तांत्रिक पुस्तिकेत ती अवश्य पाहा.

येथे एक कळकळीची सूचना. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा कनेक्टरमधून ६ पिनांची वायर काढून देणारे स्वस्त अ‍ॅडॉप्टर मिळतात. ते कृपया वापरू नका. साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता साधारण ५४ वॅट आहे, तर ६ पिनांच्या जोडणीतून कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकते, आणि या तफावतीने प्लॅस्टिक वितळण्याचा व आग लागण्याचा धोका खराखुरा आहे.

७५ वॅटच्या आत माझी पहिली पसंती ६ जीबीच्या जीफोर्स आरटीएक्स ३०५० या कार्डाला राहील. ते सुमारे ७० वॅट घेते आणि कमी उंचीच्या, म्हणजे लो-प्रोफाइल, रूपातही मिळते. वापरलेले कार्ड चालणार असेल, तर जीटीएक्स १६५० ची लो-प्रोफाइल आवृत्ती अजूनही समाधानकारक आहे. रेडिऑन आरएक्स ६४०० जेमतेम ५३ वॅटवर चालते, पण ते पीसीआयईच्या चारच लेन, म्हणजे डेटा वाहण्याचे मार्ग, वापरते आणि आपल्या मदरबोर्डवर पीसीआयई ३.० असल्याने काही गेममध्ये त्याचा वेग ठळकपणे घटतो; शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नसल्याने खेळ रेकॉर्ड करण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. खरेदीपूर्वी कार्डाची जाडीही मोजा. काही कॅबिनेटांत मुख्य स्लॉटला लागूनच पॉवर सप्लाय असतो आणि दोन स्लॉटची जागा व्यापणारे कार्ड तिथे बसूच शकत नाही.

रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी घाला. त्यामुळे एकूण १६ जीबी तर होतेच, पण ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा एकाच वेळी वापर, सुरू होऊन गेममधले अडखळणेही कमी होते. या पिढीतल्या काही मदरबोर्डांना डीडीआर४ प्रकारची रॅम लागते, तर काहींना डीडीआर३एल, म्हणून जुन्या पट्टीवरचा मजकूर पाहूनच नवी घ्या. हार्ड डिस्कऐवजी साधी साटा एसएसडीसुद्धा पुरेशी आहे. तिने दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढणार नाहीत, पण गेम उघडण्याचा वेळ खूपच घटेल.

आय५-६५०० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धारा) आहेत. नव्या, मोठ्या जगाच्या गेममध्ये कार्डाआधी तोच दमतो. त्याच मदरबोर्डवर आय७-६७०० बसतो आणि त्याचे आठ थ्रेड उपयोगी पडतात, पण तो वापरलेला आणि रास्त भावात मिळाला तरच घ्यावा. आठव्या पिढीचे प्रोसेसर मात्र सॉकेटचा क्रमांक सारखा असूनही या मदरबोर्डवर चालत नाहीत.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सहाव्या पिढीचे हे प्रोसेसर नाहीत. आपल्याला ऑनलाइन स्पर्धात्मक गेम खेळायचे असतील, तर त्यांची अँटी-चीट (फसवणूक रोखणारी) प्रणाली विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागते का, हे कार्डावर पैसे घालण्यापूर्वीच तपासा. ती मागत असेल, तर या संगणकावर खर्च न करता आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, उभ्या टॉवर कॅबिनेटचा वापरलेला ऑफिस संगणक शोधणे मला अधिक योग्य वाटते.