एमआरआय होत नाही, मग गुडघ्याच्या हाडातली सूज कशी कळणार?

प्रश्न : मी ६४ वर्षांची, गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दीड महिन्यापूर्वी दादर स्टेशनच्या पुलावरून उतरताना घसरले आणि उजव्या गुडघ्यावर आपटले. एक्स-रेत काहीच निघालं नाही, पण पाय टेकला की आतून ठणकतं, रात्री कूस बदलतानाही. डॉक्टर म्हणतात, हाडाच्या आत सूज असावी. माझ्या पेसमेकरमुळे एमआरआयवाल्यांनी नाही म्हटलं. आता ‘ड्युअल एनर्जी सीटी’ सुचवलाय. मुलगा म्हणतो, सीटीत हाड दिसतं, सूज कुठली दिसायला?

उत्तर : ताई, साध्या सीटीपुरतं तुमच्या मुलाचं बरोबर आहे. हाडाच्या जाळीतलं कॅल्शियम इतकं पांढरं उमटतं की हाडाच्या आतल्या मऊ मगजात (मज्जेत) साचलेलं पाणी त्यात झाकून जातं. ड्युअल एनर्जीत तोच गुडघा दोन ताकदींच्या क्ष-किरणांनी टिपतात, उदाहरणार्थ ८० आणि १४० किलोव्होल्टवर. ताकद बदलली की कॅल्शियम बरंच वेगळं दिसतं, पाणी आणि चरबी फारशी बदलत नाहीत. त्या फरकावरून संगणक कॅल्शियम वजा करतो आणि मगज उरतो. तुमच्या वयात गुडघ्याजवळचा मगज बहुतेक चरबीचाच असतो. त्यात पाणी शिरलं की तेवढा भाग रंगीत चित्रात उठून दिसतो. असे स्कॅन वाचताना मी दुखरा आणि चांगला गुडघा शेजारी-शेजारी ठेवते. फरक लगेच नजरेत भरतो. एक्स-रेतून निसटलेली बारीक चीरही याच स्कॅनमध्ये सापडू शकते.

एमआरआयची सर मात्र त्याला नाही. हाडाच्या अगदी कडेची सूज निसटू शकते, झिजेने घट्ट झालेलं हाड फसवतं, गुडघ्यातली गादी आणि लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे) नीट कळत नाहीत. म्हणून आधी पेसमेकरचं कार्ड घेऊन हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. काही पेसमेकर ठरावीक काळजी घेऊन एमआरआयला चालतात. कार्ड न बघता आलेला नकार शेवटचा मानू नका.

सीटीच ठरला, तर नंबर लावतानाच विचारा : मशीन ड्युअल एनर्जीचं आहे ना? चिठ्ठीवर ‘हाडाच्या मगजातली सूज बघणे’ असं स्पष्ट लिहून घ्या. कॅल्शियम वजा करायचं काम मुद्दाम करावं लागतं, सांगितलं नाही तर साधाच रिपोर्ट हातात येतो. इंजेक्शन लागत नाही, स्कॅन मिनिटाच्या आत होतो. किरणांचं भय बाळगू नका, गुडघ्यापाशी नाजूक अवयव नाहीत.

‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका मी रोज बघते आणि फार वाईट वाटतं. आत चीर असेल आणि तुम्ही तीन मजले चढत-उतरत राहिलात, तर सांध्याखालचं हाड खचू शकतं. निदान होईपर्यंत काठी डाव्या हातात धरा, आणि भाजीसाठी खाली उतरू नका. गॅलरीतून दोरीला पिशवी सोडा. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासायची का, हेही डॉक्टरांना याच भेटीत विचारा.