जुन्या मशीनची प्रश्नपेटी: बटण दाबायच्या आधी

यावेळी पत्रांचा ढीग आलाय आणि बहुतेकांत घोळ एकच आहे, जुना कॉम्प्युटर हातात पडला की लोकांना दम निघत नाही, लगेच प्लग लावायचा असतो. निवडक पत्रं घेतोय, लांबलचक होती ती थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: एका नातेवाइकांकडे बरीच वर्षं पडून असलेला कमोडोर ६४ हा जुना होम कॉम्प्युटर मिळाला, ओरिजिनल अडॅप्टर आणि जॉयस्टिकसकट. वरून तर एकदम चकाचक आहे. टीव्हीला जोडून बघू का?

थांबा! मशीन बहुतेक धडधाकट असेल पण तो अडॅप्टर घात करेल. हे मॉडेल १९८२ चं, आणि त्याच्यासोबतचा तो जड ठोकळा बहुतेक वेळा आतून इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) ओतून बंद केलेला असतो, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा आतला रेग्युलेटर तापत बसतो आणि दुरुस्त करायला उघडता पण येत नाही. त्यातनं ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी अशा दोन लाइनी निघतात, आणि गोम त्या ५ व्होल्टमध्ये आहे. रेग्युलेटर गेला की पुरवठा बंद पडला असता तर बरं झालं असतं, पण पुष्कळदा होतं उलटंच, व्होल्टेज वर चढतं आणि बोर्डवर मध्ये अडवायला कोणी नाही, सरळ रॅम चिप्सच्या अंगावर. मशीन "काल चालत होतं हो" म्हणून जी पत्रं येतात त्यातली निम्मी गोष्ट इथेच असते.

तेव्हा मल्टिमीटर घ्या, प्लगवर मोजा, ५.२५ च्या वर दिसलं तर तो ठोकळा कपाटात शोभेला ठेवा. आणि मोजल्यावर बरोबर ५ आला म्हणून हुरळून जाऊ नका, लोड न देता, म्हणजे मशीन न जोडता मोजलेलं असतं ते, शिवाय आज ठीक आहे म्हणजे पुढच्या आठवड्यात ठीक असेल असं काही नाही. माझं मत विचाराल तर नवीन बनवलेला पॉवर सप्लाय घ्या, किंवा व्होल्टेज वर गेलं की लाइन तोडणारं छोटं सर्किट मध्ये टाका, ओरिजिनलचा हट्ट इथे नको.

नवीन सप्लाय लावूनही स्क्रीन काळीच राहिली तर पहिला संशय पीएलए चिपवर (मेमरी आणि बाकीच्या चिप्सचा ताळमेळ ठेवणारी) घ्यायचा, ही फार लवकर जाते. मग रॅम. मिनिटभर चालू ठेवून चिप्सवर हलकेच बोट फिरवा, आतून शॉर्ट झालेली रॅम बाकीच्यांपेक्षा चटका बसेल इतकी तापलेली असते. साउंडची सिड चिप जागेवर आहे का तेही बघून घ्या, संगीतवाल्यांमध्ये तिला एवढी मागणी आहे की लोक ती काढून वेगळी विकतात आणि रिकामं सॉकेट तुमच्या गळ्यात मारतात. आणि हो, मशीन चालू असताना जॉयस्टिक काढघाल करायची नाही, पोर्ट सांभाळणारी सीआयए चिप तेवढ्याने पण जाऊ शकते.

प्रश्न: ४८६ चा (जुन्या पीसीचा) मदरबोर्ड घेतलाय, बॅटरीच्या आजूबाजूला हिरवट-पांढरं काहीतरी जमलंय. पुसून टाकलं तर चालेल ना?

नुसतं पुसून नाही चालणार. ती पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी आहे, ती आधी कापून बाहेर काढा, मग बाकीचं. तिच्यातनं गळतो तो अल्कली, म्हणून पांढरा व्हिनेगर ब्रशने लावायचा, जरा फसफसेल, फसफसू द्या. मग डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या, घाई नको. हातात ग्लोव्हज घाला, कॅडमियम आहे ते.

आता बोर्ड उजेडात तिरका धरून बघा. चांगला ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) हिरव्या लॅकरखाली चमकतो, खाल्लेला ट्रॅक काळपट, फुगल्यासारखा दिसतो आणि टोकाने खरवडलं की लॅकर पापुद्र्यासारखं निघतं. खरा त्रास त्या बारीक भोकांत असतो जिथनं ट्रॅक बोर्डच्या दुसऱ्या बाजूला जातो, वरून तांबं दिसत असतं पण आतून तुटलेलं. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि एकेक ट्रॅक दोन्ही टोकांना तपासा, कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही. बॅटरी बहुतेक बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळच असते, म्हणून "बोर्ड चालू होतो पण कीबोर्ड एरर येते" ही तक्रार इतकी ऐकू येते.

नवीन बॅटरी बोर्डवर परत सोल्डर करू नका, वायरने लांब ठेवा. नाण्यासारखा लिथियम सेल लावणार असाल तर मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत होता आणि लिथियम सेलला चार्ज केलं तर तो फुगून फुटू शकतो.

प्रश्न: माझा अमिगा ५०० कॉम्प्युटर पिवळा पडलाय. पेरॉक्साइड लावून पांढरा करायचा म्हणतोय, तुम्ही करता का?

मी नाही करत. प्लॅस्टिकमध्ये आग लवकर लागू नये म्हणून जी ब्रोमिनवाली रसायनं घातलेली असतात त्यांच्याकडे बोट दाखवतात, ऊन आणि उष्णतेने रंग बदलतो. पेरॉक्साइड आणि अल्ट्राव्हायोलेट उजेडाने पांढरा होतो, खोटं नाही, पण पुष्कळदा पिवळेपणा परत येतो, आणि क्रीम नीट पसरली नाही तर चट्टे पडतात ते कायमचे. हात दाखवून अवलक्षण. आधी साबणाच्या कोमट पाण्याने झाकण धुऊन बघा, निम्मं पिवळं म्हणजे धूळ आणि सिगरेटचा धूर असतो. तरी करायचंच असेल तर आधी आतल्या बाजूला एका कोपऱ्यात करून बघा.

प्रश्न: मी एक अ‍ॅटारी एसटी चालू म्हणून विकला, निघताना व्हिडिओ पण काढला होता. समोरच्याकडे पोहोचल्यावर बंद. ते पूर्ण पैसे मागतायत. व्हिडिओ आहे म्हटल्यावर माझी काय चूक?

चूक कोणाची हे बाजूला ठेवा, आधी त्यांना एक काम सांगा. मशीन उघडायचं आणि सॉकेटमधल्या चिप्स हलक्या दाबून बघायच्या, प्रवासात हादरे बसून चिप अर्धी वर येते आणि अशी कितीतरी "मेलेली" मशीन्स अंगठ्याने दाबून उठतात. नाही उठली तर पैसे परत द्या आणि मशीन परत मागवा, कुरिअरचा खर्च अर्धा-अर्धा. व्हिडिओ तुमच्या टेबलावरचा आहे, त्यांच्या टेबलावर काय पोहोचलं हे तो सांगत नाही. हे वर्तुळ छोटं असतं, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि पुढचा सौदा याच माणसांशी करायचाय.

विकताना "चालू" लिहायचं तर काय काय चालू तेही लिहा: कीबोर्डची सगळी बटणं दाबली का, फ्लॉपी वाचली का, तासभर चालवलं का. नुसता लाइट लागला म्हणजे चालू नव्हे. आणि घेणाऱ्यांनो, "टेस्ट केलेलं नाही" असं लिहिलं असेल तर बंद समजून भाव करा, आणि आतल्या बोर्डचा फोटो मागा. फोटो द्यायला कां-कूं करत असेल तर सोडून द्या.

प्रश्न: ५.२५ इंची फ्लॉपींचा एक डबा मिळालाय, डेटा निघेल का?

निघेल बहुतेक, पण ज्या डिस्कवर बुरशीचे ठिपके दिसतायत ती ड्राइव्हमध्ये घालू नका, डिस्क वाचणारं हेड खराब होतं आणि मग पुढच्या सगळ्या डिस्क घासतं. पहिल्यांदा वाचतानाच पूर्ण इमेज (डिस्कची जशीच्या तशी फाइल) काढून घ्या, ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड त्यासाठी झकास आहे. ३६० केबीच्या डिस्कवर १.२ एमबीच्या ड्राइव्हने लिहू नका, तो बारीक ट्रॅक पाडतो आणि जुन्या ड्राइव्हला मग वाचता येत नाही. वाचायला हरकत नाही.

प्रश्न: जुने कपॅसिटर बदलले तर मशीनची किंमत कमी होते का?

कपाटात ठेवणाऱ्यासाठी होईलही, चालवणाऱ्यासाठी वाढते. अमिगा १२०० किंवा मॅकिंटॉश एसई/३० असेल तर विचारत बसू नका, बदला, त्यांचे गळतातच आणि खालचे पॅड (सोल्डरिंगच्या तांब्याच्या जागा) खातात. काढलेले जुने एका पिशवीत घालून चिठ्ठीसकट मशीनबरोबरच ठेवा, घेणाऱ्याला दाखवायला होतात.